अडीच हाका

१

हाडं निदान तीन हजार वर्षांची असायला हवी होती, पण खालच्या डाव्या दाढेत चांदी भरलेली होती.

संग्रहालयाची चित्रकार खड्ड्यात गुडघ्यांवर बसून त्या जबड्याचं चित्र काढत होती. सापडलेली प्रत्येक वस्तू मोजून जशीच्या तशी कागदावर उतरवायची, हे तिचं काम. वीस वर्षांत तिनं शेकडो मडकी काढली होती, डझनभर सांगाडे काढले होते. दाढेवरची माती तिनं ब्रशनं झटकली. धुक्यातून जेमतेम वर आलेल्या उन्हात काहीतरी चमकलं. तिनं पुन्हा झटकलं, आणि पेन्सिल खाली ठेवून ती फोन करायला उठली.

तासाभरात फौजदारबाई येऊन ठेपल्या. पन्नाशी उलटलेली, गुडघ्यानं अधू, या गावात बदली होऊन जेमतेम चार महिने झालेले. गावाबाहेरच्या त्या सात टेकड्या त्यांनी रस्त्यावरूनच काय त्या पाहिल्या होत्या. एका रांगेत, सारख्या अंतरावर, गवतानं झाकलेल्या. पूर्वीच्या लोकांनी आपल्या मेलेल्यांवर रचलेले मातीचे ढीग. संग्रहालयवाल्यांनी सहावी टेकडी गेल्या वर्षी खणली होती, यंदा सातवी.

खड्ड्याच्या कडेला एकही मजूर उभा नव्हता. सगळे लांब झाडाखाली घोळका करून बसले होते आणि प्रत्येकाच्या कानात कापसाचे बोळे होते.

"हे काय?" फौजदारबाईंनी विचारलं.

एका मजूर बाईनं एका कानातला बोळा जरासा उचलला. "सातवी टेकडी हाक मारते बाई. म्हणून."

"कुणाला?"

"कुणालाही. सहा भाऊ लढाईत मेले. त्यांच्या बहिणीनं पदरातून माती वाहून सहा टेकड्या रचल्या. सातवी लोकांनी तिच्यावर रचली, जिवंतपणी. ती आत उभी आहे. एकटी आहे ना, म्हणून हाका मारते. तुमच्या घरच्या नावानं. अडीच हाका. दोन पुऱ्या, तिसरी अर्धी. तिसरी पुरी व्हायच्या आत ओ दिली, की संपलं. आत ओढून घेते."

"आणि ओ दिलीच नाही तर?"

"मग दुसऱ्याला मारते." बाईनं बोळा परत कानात कोंबला.

फौजदारबाई हसल्या आणि जपून खड्ड्यात उतरल्या. खाली गेल्यावर मात्र त्यांचं हसू ओसरलं. त्यांना वाटलं होतं, सांगाडा आडवा असेल. पुरलेलं माणूस आडवंच असतं.

हा उभा होता. पाय खाली खोल मातीत, पाठ खड्ड्याच्या मातीच्या भिंतीला टेकलेली, तोंड गावाकडे. आणि दोन्ही हात डोक्याच्या वर.

२

"चूक झाली," संग्रहालयाचे साहेब रुमालानं मान पुसत म्हणाले. "रांगेत बसत होती, आकार तोच होता. आम्ही जुनीच धरून चाललो."

"म्हणजे ही जुनी नाही?"

"माती बघा ना. त्या सहांमध्ये थर आहेत. ही नुसती उपसून टाकलेली आहे."

सांगाडा बाईचा होता, तिशीच्या आतबाहेरचा. हाड कुठे मोडलं नव्हतं, कवटीला घाव नव्हता. उजव्या हाताजवळ मातीत बटणं विखुरलेली होती, तपकिरी, चार भोकांची, प्लॅस्टिकची. चित्रकारानं ती वेचून मोजली. एकशे चव्वेचाळीस, म्हणजे बरोबर बारा डझन. सगळी कोरी, एकाही भोकातून दोरा गेलेला नाही.

फौजदारबाईंनी चौकीतली जुनी दफ्तरं काढायला लावली. पन्नास वर्षांत या गावातून बाई हरवल्याची एकही तक्रार नव्हती. त्यांना ते सांगाड्यापेक्षाही भीतीदायक वाटलं. बाई जमिनीत गडप झाली आणि कुणी साधी चौकशी केली नाही?

गाव पूर्वी लहान होतं, कारखाना आल्यावर वाढलेलं. टेकड्यांच्या बाजूला कारखान्याआधीची फक्त दोन म्हातारी माणसं उरली होती. एक चित्रकाराची आत्या, टेकड्यांकडच्या गल्लीत शेवटच्या घरात राहणारी. दुसरा म्हातारा मुकादम. तो कालव्याच्या कामावर म्हणून या गावात आला, काम अर्ध्यावर बंद पडलं आणि तो इथलाच होऊन गेला.

मुकादमानं खुर्ची पुसून दिली, चहा ठेवला.

"टेकड्यांच्या गोष्टी? भरपूर ऐकल्यात. एक म्हणायचा, राक्षसांनी जोडे झटकले, त्याची माती. एक म्हणायचा, सैन्यातल्या प्रत्येक शिपायानं ओंजळभर माती टाकली, एकेका सरदारावर एकेक टेकडी. कुणी म्हणे सहा भाऊ. गावागणिक गोष्ट वेगळी, पण टेकड्या सहा. त्याबद्दल दुमत नाही."

"आणि सातवी?"

म्हाताऱ्यानं बशी खाली ठेवली. अर्धा चहा तसाच सोडून तो दाराशी जाऊन उभा राहिला.

"मला दम लागतो हल्ली," तो म्हणाला. "तुम्ही या आता."

३

फौजदारबाईंची एक सवय होती. छत गळायला लागलं तर सगळं घर तपासत बसायचं नाही, थेंब जिथे पडतो तिथून मागे मागे जायचं. इथे गळत होती ती गोष्ट. सहाच्या सात टेकड्या कधी झाल्या? कुणी केल्या?

त्या गावात भेटेल त्याला एकच प्रश्न विचारत सुटल्या, "अडीच हाकांची गोष्ट तुम्हाला कुणी सांगितली?"

मजूर बाईला सासूनं सांगितली होती. सासूला तिच्या मुलानं. कारखान्यातल्या पोरींना शिंप्यानं, शिंप्याला त्याच्या थोरल्या भावानं. एरवी गोष्टी म्हाताऱ्यांकडून पोरांकडे येतात. ही उलटी चालली होती, पोरांकडून म्हाताऱ्यांकडे. आणि मागे मागे जाताना प्रत्येक धागा एकाच जागी जाऊन अडकत होता. अडतीस वर्षांपूर्वीचा शाळेतला पहिलीचा वर्ग.

त्या वर्गातला एक जण आता बेकरी चालवत होता. भट्टीसमोर उभा राहून तो घाम पुसत बोलत होता.

"आठवतंय ना! तीन रात्री झोपलो नव्हतो. आईनं शाळेत येऊन बाईंना जाब विचारला होता."

"तेव्हा बहीण होती का गोष्टीत? पदरातली माती?"

बेकरीवाला विचारात पडला. "नाही हो. ते आम्ही मागून जोडलं असणार. पहिल्यांदा एवढंच होतं, की टेकडी घरच्या नावानं हाक मारते. दोनदा पुरी, तिसऱ्यांदा अर्धी. आणि ओ द्यायची नाही. बस्स. पण अशी सांगितली होती तिनं, की अंगावर काटा आला. तिला स्वतःलाच रडू फुटलं होतं सांगताना."

"कुणाला?"

त्यानं फडक्याला हात पुसले आणि चमकून फौजदारबाईंकडे पाहिलं.

"तुम्हाला माहीत नाही? तुमच्या बरोबर असते की ती आठवडाभर. संग्रहालयातली चित्रकार."

४

दुपार झाली होती, तरी धुकं टेकड्यांवरून हललं नव्हतं. चित्रकार खड्ड्याच्या काठावर स्टूल टाकून बसली होती. टेकडीकडे पाठ करून बसायचं नाही, हा तिचा नियम फौजदारबाईंनी पहिल्याच दिवशी हेरला होता.

"एक मिनिट," त्या म्हणाल्या. "आधी मला खाली एक गोष्ट बघू दे. मग तुमच्याशी बोलायचंय."

मातीच्या ज्या भिंतीला सांगाडा टेकला होता, तिथे सांगाड्याच्या शेजारी त्या उभ्या राहिल्या. पाठ तशीच टेकवली, तोंड तसंच गावाकडे केलं. खड्ड्याच्या मोकळ्या बाजूनं समोर गल्लीतलं शेवटचं घर सरळ दिसत होतं, शंभर पावलांवर. त्याची मागची खिडकी फळ्या ठोकून बंद केलेली होती.

पाठीमागे काहीतरी पुटपुटल्यासारखा आवाज आला. त्या वळेपर्यंत माती आली.

फार मोठी नव्हती दरड. पण ती कमरेपर्यंत आली आणि तिनं सिमेंटसारखी पकड घेतली. पाय हलेना. वरून आणखी खडे घरंगळत होते.

"अहो!" फौजदारबाई ओरडल्या. "इकडे या! दोरी टाका!"

झाडाखालचे मजूर जागचे हलले नाहीत. कुणी मान वळवली नाही. कापूस घातलेली ती माणसं दगडासारखी बसून होती.

"अहो, मी आहे! फौजदार!"

काठावर चित्रकार उभी होती, दहा पावलांवर. तिचे डोळे फौजदारबाईंवरच होते. पण तिनं दोन्ही तळहात कानांवर गच्च दाबले होते, आणि तोंड पांढरंफटक पडलं होतं. ती पाहत होती आणि हलत नव्हती.

मातीचा दुसरा लोट छातीला लागला. फौजदारबाईंनी दोन्ही हात वर केले, माती तोंडावर येऊ नये म्हणून. आपले हात कुठे आहेत हे लक्षात आलं, आणि त्या जिवाच्या आकांतानं पुन्हा ओरडल्या.

तेवढ्यात कुणीतरी त्यांची मनगटं धरली. सुरकुतलेले, पण कामाची सवय असलेले हात. म्हातारा मुकादम धापा टाकत काठावर पालथा पडला होता.

"हालू नका!" तो ओरडला. "जेवढं हालाल तेवढी खाली जाल. ही माती मला ठाऊक आहे. मीच टाकलीये ही!"

५

मुकादमाला बघून मजूर धावून आले, आणि अर्ध्या तासानं त्या बाहेर निघाल्या. मुकादम काठावर मातीतच बसला होता आणि लहान मुलासारखा रडत होता.

"कालव्याची उपसलेली माती इथे टाकायचो आम्ही. मधून पायवाट जायची, बाजारातून गल्लीकडे. ढीग नीट बसवला नव्हता, आमचे साहेब घाई करायचे. एका सुट्टीच्या दिवशी तो सरकला. दुसऱ्या दिवशी येऊन बघतो तर पायवाट गायब. माझ्या काळजात चर्र झालं. खाली कुणी असलं तर? पण गावात विचारलं, तर कुणीच हरवलं नव्हतं. एक बाई घर सोडून पळाली एवढंच कानावर आलं. माझा जीव भांड्यात पडला." त्यानं डोकं हातात धरलं. "मग वरून आणखी चाळीस गाड्या टाकल्या मी. आज तुम्ही इकडे निघालेल्या दिसलात, राहवलं नाही."

"कोण बाई पळाली?"

मुकादमानं चित्रकाराकडे पाहिलं. मग त्यानं मान खाली घातली.

चित्रकार स्टुलावर येऊन बसली होती. फौजदारबाई तशाच मातीनं माखलेल्या तिच्या शेजारी जमिनीवर बसल्या.

"मला माफ करा," ती म्हणाली. "तुम्ही हाक मारत होतात आणि मला हलताच येईना."

"ते राहू दे. तू सहा वर्षांची असताना शाळेत एक गोष्ट सांगितलीस. ती तुला कुणी सांगितली?"

"कुणी नाही," ती हळूच म्हणाली. "मी ती हाक ऐकलीये. खरोखर. म्हणून तर मला भीती वाटते. मी मागच्या खिडकीत होते. टेकडीकडून हाक आली. माझ्या घरच्या नावानं, भिंगरी म्हणून. मी ओ देणार, तेवढ्यात आत्यानं मागून माझ्या तोंडावर हात ठेवला. म्हणाली, ती टेकडी आहे, ओ दिलीस तर आत ओढून घेईल. मग पुन्हा आली. तिसऱ्यांदा नुसतं 'भिं' एवढंच."

"तुला भिंगरी कोण म्हणायचं?"

"घरात सगळे..." ती बोलली आणि थांबली.  "नाही. बाबा बाळ म्हणायचे. आत्या पोरी म्हणायची. भिंगरी फक्त..."

तिनं खड्ड्याकडे पाहिलं.

"आई त्याच आठवड्यात गेली," ती म्हणाली. तिचा आवाज एकदम सपाट झाला होता. "कुणाबरोबर तरी निघून गेली. सगळ्यांना माहीत आहे. बाबा ट्रक घेऊन परगावी होते. तिसऱ्या दिवशी आले, तेव्हा आईचं कपाट रिकामं होतं. साड्या, चपला, सगळं नेलं होतं तिनं. बाबांनी सात वर्षं गावोगाव शोधलं. मरताना मला म्हणाले, ती कधी आली तर दार उघडू नकोस."

"तुझी आई काय काम करायची?"

"शिंप्याच्या दुकानातून सदरे आणायची. घरी बसून..." तिनं मांडीवरची चित्रांची वही मिटली. "बटणं लावायची."

फौजदारबाईंनी तिचा हात हातात घेतला. त्या हळू बोलल्या, एकेक शब्द तोलत.

"पळून जाणारी बाई बारा डझन कोरी बटणं बरोबर नेत नाही. तिचं तोंड घराकडे होतं. ती जात नव्हती गं, येत होती. ढीग सरकला आणि ती कमरेपर्यंत अडकली, जशी मी आज. तिला खिडकीत तू दिसलीस. तुझ्या नावानं हाक मारली, म्हणजे तू कुणाला तरी बोलावशील. तिला कुणी मारलं नाही. दरड अपघातानं पडली. पण कपाट अपघातानं रिकामं होत नाही. ते ज्यानं रिकामं केलं, त्याला ठाऊक होतं की ती आता परत येणार नाही, आणि ती कुठे आहे तेही. तुझे वडील गावात नव्हते. मुकादम तुमच्या घरात कधी आला नाही. घरात उरलं कोण?"

चित्रकारानं हात सोडवून घेतला आणि ती उठली.

"माझ्या आधी तुम्ही काही विचारू नका तिला," ती म्हणाली.

६

आत्या दोरीवरचे कपडे काढून घडी करत होती. शेवटच्या घरात फळ्या ठोकलेल्या खिडकीमुळे दिवसाही दिवा लागायचा. पुतणी आत आली, मागून मातीनं भरलेल्या फौजदारबाई आल्या, आणि आत्याचा हात एका उशीच्या खोळीवर थांबला.

"आत्या, माझ्या आईच्या साड्या कुठे आहेत?"

आत्यानं खोळीची घडी पुरी केली. कोपऱ्याला कोपरा जुळवला.

"चुलीत," ती म्हणाली. "पाणी तापवायच्या चुलीत घातल्या. दोन दिवस पुरल्या. त्याच पाण्यानं तुला आंघोळ घालत होते."

फौजदारबाईंनी खूप कबुलीजबाब ऐकले होते. एवढ्या शांतपणे आलेला एकही नाही.

"का गं?" चित्रकार म्हणाली. 

"पुढच्या महिन्यात तुम्ही तिघं गाव सोडून जाणार होतात. तिनं ठरवलं होतं. शहरात खोली बघितली होती. मला म्हणाली, तुम्ही काय, एकट्या राहाल." आत्यानं दुसरा कपडा उचलला. "मी तुला जन्मल्यापासून अंगाखांद्यावर खेळवलं. एकटी राहाल म्हणे."

"आत्या, ती जिवंत होती."

"मी हात लावला नाही तिला!" म्हातारीचा आवाज पहिल्यांदाच चढला. "पहिली हाक आली तेव्हा वाटलं, मारू दे हाका. एकटीच राहा म्हणावं तिथे, कळू दे जरा. खोटं सांगत नाही. दुसरी आली तेव्हा मी जाणारच होते. पण तुझ्या तोंडावरचा हात निघेना. तू धडपडत होतीस, चावलीस मला. आणि मग तिसरी." ती थांबली. "मग काय जायचं? फावडं घेऊन गेले असते तर विचारलं नसतं का सगळ्यांनी, दोन हाका ऐकून काय करत होतीस?"

"मी ओ देणार होते," चित्रकार म्हणाली.

"हो. म्हणून तर गोष्ट सांगावी लागली. तू शाळेत जाऊन बोलशील असं नव्हतं वाटलं मला. सगळा गाव बोलायला लागला. अडतीस वर्षं माझ्याच घरात, माझ्याच तोंडावर, येणारा-जाणारा सांगतोय, अडीच हाका मारते म्हणून. खिडकीला फळ्या ठोकल्या, तरी हाक येतच राहिली." तिनं फौजदारबाईंकडे पाहिलं. "तुमच्या कायद्यात काय आहे यासाठी?"

"पुरावा नष्ट केल्याचं आहे," फौजदारबाई म्हणाल्या. "बाकीचं न्यायाधीश बघतील. अडतीस वर्षं झालीत. मला खरंच माहीत नाही."

आत्यानं मान डोलावली. घड्या केलेले कपडे उचलून तिनं कपाटात ठेवले आणि चपला शोधू लागली.

बाहेर गाडी आली. गल्लीतली माणसं दारादारात उभी होती. आत्या पायरी उतरताना अडखळली. पुतणीचा हात आपोआप पुढे गेला, तिनं कोपराला धरून तिला सावरलं, गाडीत बसवलं. मग ती घरात धावत गेली आणि औषधांची पिशवी घेऊन आली.

"ही पांढरी सकाळी उपाशीपोटी," ती गाडीतल्या शिपायाला सांगू लागली. "लाल दोन, जेवणानंतर. रात्रीची अर्धी तोडून द्या, आख्खी दिली तर तिला चक्कर येते. आणि पाणी कोमट लागतं तिला."

शिपाई मान हलवत होता. आत्या समोर बघत होती. गाडी गेली.

चित्रकार रस्त्याच्या मधोमध तशीच उभी राहिली. फौजदारबाई थांबल्या. 

"बाबांना खोटं सांगून मारलं तिनं," चित्रकार शेवटी म्हणाली. "आणि मी उद्या दहा वाजता तिला डबा घेऊन जाणार. मला माहीत आहे, मी जाणार. आता मी काय करू, बाई?"

 फौजदारबाईंनी पुढे होऊन तिचा दंड धरला, आणि दोघी तिच्या आईला मातीतून बाहेर काढायला टेकडीकडे निघाल्या.